पाप कुणाच्या खात्यावर?

कर्मसिद्धान्तात खातं एकट्याचं असतं. ज्यानं केलं त्यानं भोगावं. पण समुद्रातली मासळी संपते, ती नेमकी कुणी संपवली?

रत्नागिरीत तत्त्वज्ञान शिकवताना मी हा प्रश्न ‘फिश बँक्स’ खेळवून विचारतो. १९७२च्या ‘द लिमिट्स टू ग्रोथ’चे सहलेखक डेनिस मेडोज यांनी रचलेला हा खेळ. प्रत्येक गट म्हणजे मासेमारीची कंपनी. बोटी घ्यायच्या, त्या खोल समुद्रात धाडायच्या, किनाऱ्यालगत, की बंदरातच ठेवायच्या, हे दरवर्षी ठरवायचं. मालमत्ता जास्त तो जिंकला. बहुधा समुद्र रिकामा होतो आणि चूक कुणाचीच सापडत नाही. प्रत्येकाचा हिशेब चोख!

वर्गात मिरकरवाडा या मासेमारी बंदरातली मुलं असतात. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी, नारळी पौर्णिमेचा नारळ, हे त्यांच्या घरचंच. त्यातल्या एकानं मला अडवलं, “सर, लोभ आमच्यात नाही, नियमात आहे. उरलेले मासे मोजा, मग बघा.” गीता फळाची आशा सोडायला सांगते, हा पठ्ठ्या म्हणतो, फळच बदला. मला उत्तर सुचलं नाही. (अजूनही पुरतं सुचलेलं नाही.)

पुढच्या खेपेला त्यांनी आधी आपसांत बोलून स्वतःची बंदी ठरवली. एका गटानं ती चोरून मोडलीच. मग दंड किती, तो कुणी ठरवायचा, यावर तास संपेपर्यंत भांडण. धर्म कळूनही वळत नाही म्हणून मी दुर्योधनाचा दाखला दिला. तो त्यांना पटला नाही. त्याला भर सभेत जाब विचारू शकणारे गप्प बसले होते, असं त्यांचं म्हणणं.