छताचा कठडा

नवरा-बायकोचे बिनसले आहे, प्रकरण घटस्फोटापर्यंत गेले आहे, आणि घरात एक बंदूक आहे. नवऱ्याने ती अजून कोणावर रोखलेली नाही. रागाच्या भरात तो काही बोलला असेल, पण पुष्कळ माणसे रागात बोलतात. अशा वेळी ती बंदूक काही काळ त्याच्याजवळून काढून घेणे न्यायाचे होईल काय? की ज्याने गुन्हा केलेला नाही त्याला आपण आधीच गुन्हेगार ठरविले, असे होईल? या प्रश्नाचा थोडा विचार आम्ही येथे वाचकांसमोर मांडीत आहोत.

हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो अमेरिकेत. तेथील राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने नागरिकांस शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे, आणि सामान्य माणसाच्या कपाटात पिस्तूल असणे तेथे नवलाचे नाही. कोणी म्हणेल, त्या दूरच्या देशाच्या गोष्टीशी आम्हांला काय करायचे? पण आमच्या मंडळ्यांतील कितीतरी घरांची मुले-मुली आज त्याच देशात संसार करीत आहेत. शिवाय ग्वाल्हेर-चंबळकडील आमच्या वाचकांना खांद्यावरची परवान्याची बंदूक काही परकी वस्तू नाही. तेव्हा हा प्रश्न आमचाही आहे.

प्रथम एक घडलेली हकिगत ऐकावी. कॉलोराडो राज्यात कॅसल रॉक नावाचे गाव आहे. तेथील एका आईने घटस्फोटाच्या कामात नवऱ्याविरुद्ध न्यायालयाचा मनाई-हुकूम मिळविला होता. १९९९ च्या मे महिन्यात तो निघाला आणि जूनमध्ये कायम झाला. बापाने मुलींना केव्हा भेटावे हे त्यात ठरवून दिले होते, आणि हुकूम अमलात आणण्याविषयी पोलिसांना स्पष्ट शब्दांत सूचना छापलेली होती. २२ जून १९९९ च्या संध्याकाळी दहा, आठ व सात वर्षांच्या तिघी बहिणी घराबाहेर खेळत असताना बाप त्यांना कोणास न सांगता घेऊन गेला. साडेसातच्या सुमारास आईने पोलिसांना बोलाविले व हुकूम दाखविला. दहापर्यंत वाट पाहा, असे तिला सांगण्यात आले. साडेआठच्या सुमारास नवऱ्याशी फोनवर बोलणे झाले. मुली डेन्व्हरमधील एका करमणूक बागेत असल्याचे कळले. तिने ते पोलिसांना कळविले, तरी कोणी गेले नाही. दहानंतर तिने पुन्हा फोन केला, तेव्हा मध्यरात्रीपर्यंत थांबायला सांगितले. मध्यरात्रीनंतर ती स्वतः ठाण्यावर गेली व तक्रार नोंदविली. पहाटे सुमारे तीन वाजून वीस मिनिटांनी तो माणूस आपली गाडी घेऊन ठाण्यासमोर आला आणि त्याच संध्याकाळी विकत घेतलेल्या पिस्तुलाने गोळ्या झाडू लागला. पोलिसांच्या गोळीबारात तो ठार झाला. गाडीत तिघी मुलींचे मृतदेह सापडले.

आईने गावाच्या प्रशासनावर दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ साली न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी असा निकाल दिला की, मनाई-हुकुमाची अंमलबजावणी पोलिसांनी केलीच पाहिजे असा हक्क राज्यघटनेने तिला दिलेला नाही. २०११ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने मात्र अमेरिकेने आपले कर्तव्य पाळले नाही, असा निष्कर्ष काढला.

या हकिगतीतून दोन गोष्टी आम्हांस शिकावयाच्या आहेत. पहिली अशी की, बाई घरातून बाहेर पडली म्हणजे धोका टळला, ही आपली समजूत चुकीची आहे. जॅकलिन कॅम्पबेल या परिचर्याशास्त्राच्या विदुषींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अकरा शहरांतील अशा हत्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. एकत्र राहून मग वेगळे झालेल्या स्त्रियांना धोका अधिक असतो, आणि नवरा फार हुकमत गाजविणारा असेल तर तो आणखीच वाढतो, असे त्यात दिसून आले. याचे कारण समजण्यास कठीण नाही. ज्या माणसाने बायकोमुलांना आपली मालमत्ता मानले, त्याला घटस्फोटाचा कागद म्हणजे आपली चोरी झाल्यासारखे वाटते. संसार चालू होता तोवर धाक घालून त्याचे काम भागत होते. आता धाक चालत नाही, म्हणून तो पुढची पायरी गाठतो. नोटीस बजावली जाते तो दिवस, कोर्टाची तारीख, मुलांना एकाकडून दुसऱ्याकडे देण्याची वेळ, अशा प्रसंगी विशेष सावध राहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट बंदुकीची. छळ करणाऱ्या पुरुषाच्या हाती बंदूक असेल तर स्त्रीची हत्या होण्याचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो, असे त्याच अभ्यासात आढळले. राग सर्वत्र सारखाच असतो. पण उगारलेला हात कोणी धरू शकतो, शेजारी धावून येऊ शकतो, मार खाल्लेले माणूस पळू शकते, आणि मारणाऱ्याला मध्येच भान येऊ शकते. बंदूक यांपैकी कशालाच अवसर देत नाही. पश्चात्तापाला जेवढा वेळ लागतो तेवढाही ती ठेवीत नाही.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, शिक्षा गुन्ह्यानंतर असते. केवळ भीतीवरून एखाद्याचा हक्क काढून घेऊ लागलो तर कोणाचाच हक्क सुरक्षित राहणार नाही. घटस्फोटाच्या कज्ज्यात दोन्ही बाजू कडवट झालेल्या असतात व खोट्या तक्रारीही होतात. ज्याचे घर मोडले, मुले दुरावली, त्याच्या दारी आता पोलीस पाठवून त्याचा आणखी अपमान का करावा?

हाच वाद अलीकडे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ज्याच्याविरुद्ध असा संरक्षण-हुकूम चालू आहे त्याने बंदूक बाळगू नये, असा कायदा तेथे १९९४ पासून आहे. कौटुंबिक मारहाणीच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्यालाही १९९६ पासून ती मनाई आहे. यांतील पहिला कायदा घटनेविरुद्ध आहे असे टेक्ससमधील एका आरोपीचे म्हणणे होते. २१ जून २०२४ रोजी न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ते फेटाळले. ज्याच्यापासून दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका आहे असे न्यायालयाला आढळले, त्याचे शस्त्र तात्पुरते काढून घेता येते, असा त्या निकालाचा आशय आहे. न्यायमूर्ती थॉमस यांचे मत तेवढे वेगळे पडले.

पण कायद्याने प्रश्न सुटला तरी मनाचे समाधान व्हावे लागते. त्यासाठी आम्ही आमच्या वाचकांस पवित्र शास्त्रातील एका साध्या नियमाची आठवण देतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला सांगितले आहे की, त्याने छताला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्या घरावर रक्ताचा दोष यायचा नाही. या नियमात कोणावर आरोप आहे काय? घरधनी लोकांना ढकलून देतो असे कोणी म्हणत नाही, आणि पाहुणा वेंधळा आहे असेही कोणी म्हणत नाही. छत उंच आहे व माणूस तोल जाणारा प्राणी आहे, एवढेच तो नियम जाणतो. शिक्षा मागे पाहते आणि कठडा पुढे पाहतो. या दोहोंचा घोटाळा केल्यामुळेच वरील आक्षेप इतका बळकट वाटतो.

ग्वाल्हेरचे वाचक याचा दाखला रोजच्या व्यवहारातून देऊ शकतील. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करावयास सांगतात. मोठमोठे प्रतिष्ठित गृहस्थ पावती घेऊन बंदूक ठेवून येतात व मतमोजणी झाल्यावर परत आणतात. त्यांना कोणी खुनी म्हटले, असे त्यांना वाटत नाही. काळ तापलेला आहे, हे सर्वांना कळते. गावाच्या निवडणुकीपेक्षा घर मोडण्याचा काळ कमी तापलेला असतो काय?

तथापि कठडाही न्यायानेच बांधावा. त्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतले जावे, मुदत ठरलेली असावी, आणि धोका सरल्यावर त्याची वस्तू त्याला परत मिळावी. एवढे सांभाळल्यास त्याची हानी काही महिन्यांची व भरून येणारी असते. उलट पक्षी चूक झाली तर ती कबरीत जाते. दोन चुकांपैकी एक पत्करणे भागच असेल तर कोणती पत्करावी, हे सांगायला मोठे तत्त्वज्ञान लागत नाही.

कोणी असेही सुचवितात की, मग बाईनेच बंदूक घ्यावी. स्त्रीजवळ बंदूक असल्याने तिचे निश्चित रक्षण होते असे वरील अभ्यासात आढळले नाही. आणि ज्या घरात मुले आहेत तेथे दुसरी बंदूक आणणे म्हणजे कठडा बांधण्याऐवजी छत आणखी उंच करणे होय.

येथे त्या पुरुषाचाही विचार आम्हांस करावासा वाटतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घर मोडलेला माणूस रात्री एकटा बसतो आणि कपाटात बंदूक असते. ती कोणी मित्राने आपल्याकडे नेऊन ठेवली तर तो त्याचा अपमान करीत नाही, त्याला सकाळपर्यंत पोहोचवितो. तेथील वीसपेक्षा अधिक राज्यांत अशा संकटकाळी न्यायालयामार्फत शस्त्र काही काळ काढून घेण्याचे कायदे झाले आहेत. कनेक्टिकटने १९९९ मध्ये पहिला केला.

पण कॅसल रॉकच्या आईजवळ कागद होताच. कागद आपल्या पायांनी चालत नाही. १९९४ च्या कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई केली, परंतु ती कोणी, केव्हा व कोठे जमा करून घ्यावी याची रीत त्यात घालून दिली नाही. ते राज्याराज्यांवर राहिले. शिवाय दुसऱ्या बाजूस नोटीस देऊन सुनावणीची संधी मिळाल्यानंतरच्या हुकुमालाच तो लागू होतो. तोवरच्या तातडीच्या हुकुमाच्या दिवसांत, म्हणजे राग सर्वांत ताजा असतो तेव्हा, कित्येक ठिकाणी बंदूक घरीच राहते. तेव्हा कठड्याचा काही भाग जवळच्या माणसांनीच बांधावा लागतो, आणि येथे आमच्या मंडळ्यांचे काम येते.

पाळकसाहेबांना आमची नम्र विनंती अशी की, विभक्त होणारी बहीण भेटावयास आली असता तिला एकटीला, नवऱ्यासमोर नव्हे, सरळ विचारावे: घरात हत्यार आहे काय? त्याने जिवे मारण्याची किंवा स्वतः मरण्याची धमकी दिली आहे काय? कधी गळा दाबला आहे काय? पाळत ठेवतो काय? यांपैकी काही असेल तर समेटाची घाई करू नये. क्षमा व सहवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा दुरूनही करता येते. ती कोठे राहते हे चांगल्या हेतूनेही कोणास सांगू नये, आणि बंदूक तिने स्वतः हलवावी असे तिला सांगू नये. ते काम पोलिसांचे किंवा न्यायालयाचे आहे. नवऱ्याचा ज्यावर विश्वास आहे असा थोरला भाऊ, मामा किंवा मंडळीतील वडील त्याच्याशी निराळे बोलू शकतात: "कोर्टाचे मिटेपर्यंत ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घे. तुझ्यावर खोटा आळ येऊ नये म्हणूनही ते बरे." मात्र धमकी झालेली असेल तर या गोडीच्या मार्गावर विसंबून राहू नये.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना पुष्कळदा घरच्यांच्या आधी कळते. मूल सहज म्हणते, "पप्पा म्हणाले, सगळ्यांना संपवून टाकीन." ते हसण्यावारी नेऊ नये. मुलाला उलटसुलट प्रश्न विचारू नयेत व बापाला जाब विचारायलाही जाऊ नये. आईला व पाळकांना त्याच दिवशी सांगावे. मुलांची देवाणघेवाण उजेडी, माणसांच्या ठिकाणी, तिसऱ्या व्यक्तीसमक्ष व्हावी.

आपल्या देशातही साधने आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते, आणि हिंसाचारात वापरलेले हत्यार पोलिसांच्या मदतीने जप्त करण्याची तरतूद त्याच्या नियमांत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना देणारा अधिकारी परवाना निलंबित करू शकतो. महिलांसाठी १८१ व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. अमेरिकेत असलेल्या लेकीला ९११ ठाऊक असतेच. मन खचलेल्या माणसासाठी तेथे ९८८ आहे, हेही तिला कळवावे.

त्या रात्री कॅसल रॉकमध्ये एक आई पुनःपुन्हा सांगत होती आणि प्रत्येक वेळी तिला थोडे थांबायला सांगण्यात आले. सांगणारे दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांना ते एक घरगुती भांडण वाटले असावे. आम्हीही आमच्या आळीत, आमच्या मंडळीत हेच म्हणत आलो आहो. पुढच्या वेळी कोणी बहीण भीत भीत आपल्या दाराशी आली तर तिला थांबावयास न सांगता आत घ्यावे, दार लावावे, आणि पहिला प्रश्न बंदुकीचा विचारावा.