विलंबाचे लेखाशीर्ष

२०१७ च्या ऑगस्टमध्ये नगर शहराजवळच्या निंबोडी गावात जिल्हा परिषद शाळेचे छत भर पावसात वर्गावर कोसळले. तीन मुले गेली. त्यानंतर धोकादायक खोल्यांच्या याद्या मागवण्यात आल्या. २०२५ च्या जुलैत राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत तेच घडले. तिथे सात मुले गेली आणि पुन्हा याद्या निघाल्या. यादी करणे आपल्या प्रशासनाला उत्तम जमते. यादीतली खोली पाडून तिथे नवी उभी करायची म्हटली की मात्र गवंडी मागतो ते चार-पाच महिने सगळ्या हिशेबात किरकोळ ठरतात. बाकीची वर्षे कागद खातो.

पाडण्यापासूनच बघा. मोडकळीला आलेली खोली गावाला मनात आले म्हणून पाडता येत नाही. आधी तिचे ‘निर्लेखन’ व्हावे लागते, म्हणजे सरकारी नोंदीतून ती रीतसर कमी व्हावी लागते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र, अभियंत्याचा दाखला, आणि मग पत्रे, दगड, सागवानी वासे यांचे मूल्यांकन. त्या मालाचा लिलाव पुकारायचा. बोली लागली नाही तर फेरलिलाव. तोवर दारावर लाल रंगात ‘धोकादायक इमारत, प्रवेश बंद’ असे लिहिलेले असते आणि मधल्या सुट्टीत त्याच भिंतीच्या सावलीत मुले डबे खातात. नवी खोली बहुधा त्याच जागेवर व्हायची असते. त्यामुळे जुनी उभी आहे तोवर नवीचा पाया आखता येत नाही.

पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. यातली एकही पायरी मूर्खपणाची नाही, हे आधीच सांगतो. प्रत्येकीमागे कधी तरी झालेला घोटाळा आहे. कुणी न बांधलेल्या खोलीचे बिल काढले, कुणी मेहुण्याला काम दिले, म्हणून एकेक सही वाढत गेली. माझे म्हणणे एवढेच, की पैसा चुकीच्या हाती जाऊ नये याची काळजी घेणारी ही सगळी रचना वेळेचा हिशेब मात्र कुठेच ठेवत नाही. सिमेंटच्या गोणीची नोंद आहे, खिडकीच्या गजाची आहे. फाइल टेबलावर आठ महिने पडून राहिली त्याला लेखाशीर्ष नाही. ज्याची नोंद नाही, त्याबद्दल लेखापरीक्षणात आक्षेपही निघत नाही. चुकीची सही केलेला अधिकारी अडचणीत येतो, सही न केलेला सुखाने निवृत्त होतो.

आणि तो वेळ फुकट नसतो. अंदाजपत्रक त्या वर्षीच्या दरसूचीवर बांधलेले असते. काम प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत बाजार पुढे गेलेला असतो. २०२१-२२ मध्ये लोखंड इतके भडकले की मे २०२२ मध्ये केंद्राला पोलादावर निर्यातशुल्क लावावे लागले. १८ जुलै २०२२ पासून सरकारी बांधकामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. मूळ काम १० लाखांचे धरले तर नुसता करच ६० हजारांनी वाढला, भिंत एक इंचही उंच न होता. वाळूचे तर विचारूच नका. २०२३ मध्ये सरकारने ६०० रुपये ब्रासने वाळू देण्यासाठी डेपो उघडले, दोनच वर्षांत ते धोरण गुंडाळून पुन्हा लिलाव आले. क्वचित भाव उतरतातही. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. पण रखडलेल्या कामाला उतरलेल्या भावाचा फायदा झाल्याचे सहसा ऐकू येत नाही.

खर्च वाढण्याचे याहून जुने आणि कमी बोलले जाणारे कारण जमिनीखाली आहे. शाळेच्या खोलीचा नकाशा ठरावीक असतो, ‘टाइप प्लॅन’. पाया अमुक फुटांवर मुरमात बसेल असे गृहीत धरून त्याचे अंदाजपत्रक होते. मराठवाड्यात, सोलापूरकडे, विदर्भाच्या बऱ्याच भागात वर काळी माती असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतीला आपल्याबरोबर हलवते. खोदकाम सुरू झाल्यावर कळते की मुरूम अजून पाच फूट खाली आहे. खोदाई वाढली, काँक्रीट वाढले, लोखंड वाढले. आता हे ‘वाढीव काम’ मंजूर करून घ्यायला सुधारित अंदाजपत्रक, म्हणजे त्याच सगळ्या टेबलांची दुसरी वारी. ठेकेदार खड्डा तसाच सोडून दुसऱ्या कामावर जातो, पाऊस येतो, खड्ड्याचे तळे होते. अंदाजपत्रकाआधी एक चाचणी-खड्डा घेतला असता तर हे टळले असते. त्याला एक दिवस आणि दोन मजूर लागतात. पण मंजुरीआधीच्या खर्चाला पैसा कुठल्या शीर्षाखाली घ्यायचा, हा प्रश्न आहेच.

ठेकेदारांना चोर म्हणणे आपल्याकडे सोपे आहे आणि काही जण आहेतही. अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के ‘बिलो’ जाऊन काम घ्यायचे आणि मग प्लास्टरमधून ती वसुली करायची, हा प्रकार तालुक्यात कुणाला नवा नाही. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी वेगवेगळ्या खात्यांकडे मिळून सुमारे ८९ हजार कोटी रुपये थकल्याचा दावा केला आणि कामे बंद ठेवण्याचा इशारा दिला. आकड्यावर वाद घालता येईल. पण जिल्ह्याच्या ठिकाणी बिलासाठी मार्चअखेरीपर्यंत हेलपाटे घालणारा छोटा ठेकेदार पुढच्या वेळी शाळेची निविदा भरताना त्या हेलपाट्यांची किंमत दरात धरणार, किंवा निविदाच भरणार नाही.

यावर एक तोडगा आपण एकदा काढून पाहिला आहे. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात बांधकाम ठेकेदाराला न देता गावाच्या समितीने करायचे ठरले. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांचे संयुक्त खाते, जोत्यापर्यंत एक हप्ता, लिंटलला दुसरा, स्लॅबला तिसरा. काही गावांनी कमी पैशात दणकट खोल्या बांधल्या. लोकांनी मुरूम टाकला, पाण्याचे टँकर दिले. जिथे फसले तिथे मात्र सगळे मुख्याध्यापकाच्या गळ्यात आले. गुरुजी सिमेंटच्या दुकानात, वर्गात कुणी नाही. मध्येच बदली झाली की नवा मुख्याध्यापक अर्धवट बांधकामाचा ‘चार्ज’ घ्यायला तयार नाही, आणि जुन्याच्या मागे वसुलीची नोटीस. गावाचे लक्ष हवे, पण त्यासाठी शिक्षकाला गवंड्याचा मुकादम करणे मला तेव्हाही पटले नव्हते. योजना मागे पडत गेली तसे गावाचे लक्षही त्या कामावरून उठले, हे मात्र नुकसानच झाले.

लक्ष ठेवणारे दुसरे माणूस म्हणजे जिल्हा परिषद सदस्य. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्याने पुढची काही वर्षे प्रशासकांची गेली. सदस्य काही फार थोर होते असे नाही. पण ‘आमच्या गावच्या शाळेचं काय झालं?’ म्हणून बांधकाम विभागात जाऊन टेबल बडवणारा माणूस तोच होता.

आता या सगळ्याचा मुलांपर्यंत पोचणारा परिणाम. खोली नाही म्हणून दोन वर्ग एकत्र बसतात, किंवा एक वर्ग समाजमंदिरात भरतो. तिथे लग्न असले की सुट्टी. चौथीपर्यंतच्या शाळेत मूल चार वर्षे असते आणि फाइलला तीन वर्षे लागली तर त्याचे प्राथमिक शिक्षण जवळजवळ संपते. पण पालक तीन वर्षे थांबत नाहीत. पिवळी व्हॅन गावात येते आणि ज्यांना परवडते ते, आणि परवडत नाही तेही, मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतात. पट घसरतो. पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संच मान्यतेत एक शिक्षक कमी होतो. मग मंजुरीच्या फाइलवर शेरा येतो: पटसंख्या पाहता नवीन वर्गखोलीची आवश्यकता तपासावी. कागदाच्या दृष्टीने शेरा बिनचूक असतो. खोली उशिरा मंजूर केल्यामुळे पट घसरला, हे लिहायला त्या नमुन्यात रकाना नाही. ‘सरकारी शाळांना मुलेच मिळत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी आकडा दाखवताना त्या शाळेच्या बांधकामाची फाइल कोणत्या तारखेला कुठे होती, तेही शेजारी मांडावे.

सरकारी करारनाम्यात दुसरे कलम विलंबाच्या भरपाईचे आहे. ठेकेदाराला उशीर झाला तर त्याच्याकडून दिवसागणिक दंड कापता येतो. मान्यता द्यायला, बिल काढायला, फेरतपासणीचा शेरा उतरवायला लागलेल्या दिवसांसाठी असे कलम कुठल्याच करारात नाही, कारण त्या करारात गाव पक्षकार नाही. ते व्हावे असे मी सुचवले, तर बांधकाम विभागातले लोक हसतील हे मला ठाऊक आहे. निदान कामाच्या फलकावर रक्कम आणि ठेकेदाराचे नाव असते, तिथेच प्रस्ताव गेल्याची, मान्यतेची आणि प्रत्येक बिल अदा झाल्याची तारीख रंगवायला सांगता येईल. रंगाचा खर्च शाळेच्या किरकोळ खर्चासाठीच्या सादिलमधून भागतो.