खाडा

आषाढातल्या एका संध्याकाळी, एक सर ओसरून दुसरीची चाहूल लागली असताना, रत्नागिरीस अण्णांच्या ओटीवर आम्ही दोघे बसलो होतो, आणि समोरच्या चौरंगावर प्रवासी कंपन्यांची रंगीत माहितीपत्रके तुंबलेल्या प्रकरणांसारखी एकावर एक रचलेली होती. अण्णांनी कचेरीत अडतीस वर्षे काढली, अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले, आणि एवढ्या अवधीत रजा अशी त्यांनी क्वचितच घेतली. साठलेल्या रजेचे अखेरीस सरकारातून पैसे घेतले, इतकाच त्यांचा आणि विश्रांतीचा व्यवहार. आता लग्नाला पन्नास वर्षे पुरी होत होती, खर्च मुलांनी पत्करला होता, आणि गणपती-दिवाळी आटोपल्यावर कार्तिकात वहिनींना घेऊन आठ दिवस एखाद्या बेटावर जाऊन यावे, इथपर्यंत ठरले होते. घोडे अडले होते ते बेटाच्या नावावर : अंदमान की मॉरिशस?

"मुद्देवार पाहू," अण्णा म्हणाले. "हवा कार्तिकात दोन्हीकडे अनुकूल, समुद्र दोन्हीकडे निळा. अंदमानाला पारपत्र नको, मॉरिशसला हवे. अंदमानात घड्याळ आपलेच, पण सूर्य आपल्याआधी सव्वा तास मावळणार. मॉरिशसला घड्याळच दीड तास मागे. सांगा मास्तर, अशा समसमान कागदांवर शेरा काय मारायचा?"

"पारडी समान होतात, तेव्हा वजने बदलून पाहावीत," मी म्हणालो. "अंदमानास मराठी माणूस नुसता वारा खायला जाऊ शकत नाही. ज्या तुरुंगात १९११ च्या जुलैत सावरकर दाखल झाले, त्याच्या सात इमारतींपैकी तीनच आज उभ्या आहेत. परंतु तेथील कोठडीत शिरून, डोक्याच्या पुष्कळ वर असलेल्या त्या झरोक्याकडे मान उंचावून पाहिले, म्हणजे आपण प्रवासी उरत नाही, यात्रेकरू होतो."

"तिथेच तर माझे मन कचरते. दिवसाला तीस पौंड तेल निघेपर्यंत माणसांना कोलूला जुंपत होते, तो कोलू सकाळी पाहायचा, डोळे पुसायचे, आणि दुसऱ्या दिवशी राधानगरच्या वाळूत शहाळे हाती घेऊन पाय पसरायचे, हे एकाच देहाला जमावे कसे? यात्रेत सुख मिसळले तर यात्रा बाटते, आणि सुखात यात्रा मिसळली तर सुख करपते. त्यापेक्षा मॉरिशस बरे. तिथे कोणाचे देणे नाही, कोणाचे घेणे नाही."

"देणे नाही? कचेरीतल्या माणसाने दप्तर न पाहता निकाल द्यावा, याचे आश्चर्य वाटते. गुलामगिरी संपुष्टात येण्याच्या सुमारास उसाच्या मळ्यांना हात हवे झाले, म्हणून १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख माणसे पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून त्या बेटावर गेली. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये. मुंबई बंदरातून जी गलबते गेली, त्यांत आपल्या कोकणातलीही माणसे होती. आपली जाखडी तिथे अजून नाचतात, फक्त अक्षरांची अदलाबदल होऊन तिची झाकरी झाली आहे."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग जणू मोठा सिद्धांत हाती लागला अशा उत्साहाने म्हणाले, "म्हणजे फरक असा : कैदेच्या बेटाने मागे भिंती ठेवल्या आणि कराराच्या बेटाने माणसे. भिंतीपुढे नतमस्तक होऊन परतता येते. माणसांशी मात्र बोलावे लागते."

"वाक्य सुरेख आहे, पण खरे नाही. अंदमानातही सुटलेल्या बंदिवानांनी संसार थाटले. त्यांच्या वंशजांना तिथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. प्रांत आणि जात मागे टाकून ते आपसांत हिंदुस्तानी बोलतात. माणसे दोन्हीकडे आहेत, अण्णा, आणि दुःखही दोन्हीकडे आहे. ज्या वाळूवर कोणाचेच अश्रू सांडले नाहीत अशी वाळू शोधू लागलात, तर तुमची आठ दिवसांची रजा शोधातच सरेल."

इतक्यात वहिनी चहा घेऊन आल्या. "भावोजी, ह्यांना दुःख आडवे येत नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांना स्वस्थ बसायची धास्ती आहे. त्या बेटांवरच्या लोकांना तरी स्वस्थ बसू देत होते का, विचारा ह्यांना."

प्रश्न सहज आला, परंतु मला त्यावरून मॉरिशसच्या मळ्यांतला एक नियम आठवला. "नव्हते देत," मी म्हणालो. "मजूर एक दिवस गैरहजर राहिला, तर मालक त्याची दोन दिवसांची मजुरी कापीत असे."

"एका खाड्याला दोन दिवस?" अण्णांचा कप ओठांपाशी थांबला. रोजगार हमीच्या कामांची हजेरीपत्रके त्यांनी वर्षानुवर्षे तपासली होती. अंगठ्यांचे ठसे, रकान्यांतल्या फुल्या, हे सर्व त्यांच्या बोटांना पाठ होते. "मी पुष्कळ खाडे मांडले, मास्तर. एका दिवसाचा एकच मांडला, जास्त कधी नाही. पण तो माणूस त्या दिवशी का आला नाही, हे मी एकदाही विचारले नाही. रकान्यात तशी जागाच नव्हती."

बाहेर सर कोसळू लागली. पन्हळीचे पाणी पायरीवर आपटत होते.

"तर मग," मी जपून म्हणालो, "त्या माणसांपासून हिरावून घेतले ते काय? सुख तर फार लांबचे. हक्काचा रिकामा दिवस घेतला. कोलूवर तेच, उसात तेच. तेव्हा अशा भूमीवर विसावणे हा अपराध ठरत नाही. त्या विसाव्याची तिथे काय किंमत पडत होती हे ठाऊक नसताना विसावणे, हा अपराध. आणि ही माझी एकट्याची मखलाशी नव्हे. ते गिरमिटिये आले तो २ नोव्हेंबर हा दिवस मॉरिशसमध्ये पाळला जातो. कसा, ठाऊक आहे? सार्वजनिक सुट्टी म्हणून."

अण्णांनी चश्मा काढून पुसला. "म्हणजे नातवंडांनी आजोबांचा खाडा माफ केला म्हणायचा."

"माफ कसला? भरपगारी केला."

"अंदमान राहिले, असे मात्र समजू नका," ते थोड्या वेळाने म्हणाले. "तिथे पुढच्या माघात जाईन, एकटा, दोन दिवसांसाठी, आणि शहाळे घेणार नाही. पण हिच्याबरोबर मॉरिशस."

त्यांनी आतून एक जुनी वही आणवली, पट्टीने रकाने आखले, आणि सवयीच्या वळणदार अक्षरात आठ दिवसांचा कार्यक्रम हजेरीपत्रकासारखा मांडला : आप्रवासी घाट, गंगा तलाव, शामारेलची रंगीत माती. पाचव्या दिवसाच्या रकान्यापाशी लेखणी अडखळली. त्यांनी वहिनींकडे पाहिले, मग वाकून त्या चौकटीत एकच शब्द लिहिला, आणि वही माझ्यापुढे सरकवली. तिथे लिहिले होते : खाडा.