ज्ञानाचे मोल आणि कुलुपाचे मोल

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उरला औद्योगिक क्षेत्राला लागून बीरगांव वसलेले आहे. पोलादाच्या कारखान्यांचा हा परिसर. लोखंडाचा स्वभाव येथील कामगाराला पुस्तकावाचून कळतो. अशा गावात यंत्र दुरुस्त करणारे हात दुर्मीळ नसतात. तरीही भाड्याची मोटार चालवून पोट भरणाऱ्या एखाद्या बीरगांवकराच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा पेटला, की रस्त्याकडेच्या मिस्त्रीला ओलांडून त्याला कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात जावे लागते. तेथे धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. तारेची जोडणी सोडवायची, पान्याने जुना सेन्सर काढायचा, नवा बसवायचा. काम थोड्या वेळात उरकते. बिलावर मात्र सेन्सरची किंमत, तपासणीचे शुल्क आणि मजुरी अशा ओळी एकीखाली एक उभ्या राहतात, आणि दिवसभराच्या खोळंब्याने आधीच कमाई बुडालेला तो माणूस विचारतो, की बोटाएवढ्या वस्तूला इतके पैसे कसे? त्याच्या या त्राग्यात न्याय्य मोलाचा फार जुना प्रश्न दडलेला आहे.

हा प्रश्न पूर्वजांनी टाळला नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्राने व्यापाऱ्याचा नफा देशी मालावर शेकडा 5 आणि परदेशी मालावर शेकडा 10 असा बांधून दिला. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वचिंतकाने अधिक सूक्ष्म विचार मांडला. वस्तू देताना विकणाऱ्याचेच विशेष नुकसान होत असेल, तर त्याने जास्त किंमत घेणे रास्त आहे. परंतु केवळ घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून किंमत वाढविणे रास्त नव्हे, कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ या मराठी म्हणीत अडलेल्याची लाचारी सांगितली आहे. अक्वायनसने त्या लाचारीवर किंमत लावण्याचा अधिकारच नाकारला.

तथापि लागलेला वेळ आणि धातूचे वजन एवढ्यावरून दुरुस्तीचे मोल ठरविणे हाही अन्यायच होईल. 1878 साली लंडनच्या न्यायालयात चित्रकार व्हिस्लर आणि समीक्षक रस्किन यांच्यातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात हाच वाद निघाला होता. दोन दिवसांच्या कामासाठी दोनशे गिनी मागता काय, या प्रश्नावर व्हिस्लरचे उत्तर असे, की ही किंमत आयुष्यभर मिळविलेल्या ज्ञानाची आहे. मोटारीच्या बाबतीतही हे खरे आहे. ऑक्सिजन सेन्सर धुरातील प्राणवायूचा अंदाज विजेच्या अल्पशा दाबाने संगणकाला कळवितो आणि त्यावरून इंधनाचे प्रमाण ठरते. परंतु संगणकाने नोंदविलेला दोषाचा सांकेतिक क्रमांक म्हणजे रोगाचे निदान नव्हे. सेन्सर धडधाकट असून नळीला चीर गेलेली असू शकते, किंवा एखादी तार उंदराने कुरतडलेली असू शकते. क्रमांक वाचून भाग बदलणारा आणि कारण शोधून बदलणारा यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्याने अर्ध्या तासाच्या कामाला अधिक पैसे मागितले, तर त्याला लुबाडणूक म्हणता येणार नाही.

येथे मात्र एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. कष्टाने मिळविलेल्या ज्ञानाचे मोल वेगळे आणि इतरांना ते ज्ञान मिळू नये म्हणून घातलेल्या कुलुपाचे मोल वेगळे. बीरगांवचा मिस्त्री तो सेन्सर बदलू शकत नाही, याचे कारण दर वेळी त्याचे अज्ञान असते असे नाही. अनेकदा अस्सल सुटा भाग त्याला विकला जात नाही, तपासणीचे उपकरण आणि माहितीपुस्तिका त्याच्या हाती पडत नाहीत, आणि त्याने हात लावला तर हमी रद्द होईल अशी भीती गाडीमालकाला घातलेली असते. हे सारे आरोप केवळ गावगप्पांतले नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांविरुद्ध नेमके असेच निष्कर्ष नोंदविले आणि सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र कारागिरांना उपलब्ध करावीत, असाही आदेश दिला. पुढे डिसेंबर 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने आपल्यापुढे आलेल्या कंपन्यांबाबत गैरवर्तनाचा निष्कर्ष कायम ठेवला. दंडाचा हिशेब मात्र सुट्या भागांच्या उलाढालीपुरता सीमित केला.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. बनावट सुटे भाग बाजारात आहेत. अर्धवट ज्ञानाने ब्रेकच्या सेन्सरला हात लावणे जिवावर बेतू शकते. सेवाकेंद्राचा चालकही जागा, उपकरणे आणि प्रशिक्षण यांत पैसा गुंतवितो आणि कंपनीने आखून दिलेल्या चौकटीतच वागतो. परंतु सुरक्षिततेची काळजी खरी असेल, तर तिचा मार्ग कारागिराला शिकविणे आणि अस्सल भाग विकणे हा आहे. धोक्याचे कारण सांगून ज्ञान कोंडायचे आणि मग त्या कोंडीचेच दाम घ्यायचे, यात काळजीपेक्षा सोय अधिक दिसते.

अर्थात, पूर्वीचा गाव निर्दोष होता असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. बलुतेदारीत सुताराला, लोहाराला प्रत्येक कामाचे वेगळे दाम न मिळता सुगीला धान्याचा वाटा मिळे. त्यामुळे अडलेल्या शेतकऱ्याची अडवणूक कमी होई, हे खरे. परंतु त्या व्यवस्थेतही विद्येला कुलूप होते आणि ते जन्माचे होते. लोहाराचा भाता कोणी फुंकावा हे जात ठरवी. आज ते कुलूप संगणकाच्या आज्ञावलीत आले आहे. कौशल्य असूनही माणसाला कामापासून दूर ठेवणे, हा दोन्ही कुलुपांचा समान दोष होय.

शिवाय या व्यवहाराची झळ गाडीमालकापाशी थांबत नाही. बिल परवडत नाही म्हणून पिवळ्या दिव्याकडे काणाडोळा केला जातो; इंजिन अधिक इंधन जाळते, धूर स्वच्छ करणारा भाग निकामी होतो. कारखान्यांच्या धुराने आधीच गांजलेल्या बीरगांवच्या हवेत तो धूरही मिसळतो, आणि ज्याने कधी मोटार घेतली नाही त्याच्याही छातीत जातो.

म्हणून बिलाचा आकडा मोठा की लहान, एवढ्यावर न्याय ठरत नाही. कारण शोधण्याचे किती, भाग बसविण्याचे किती, हे बिलावर निरनिराळे लिहावे. काढलेला जुना भाग मालकाच्या हाती द्यावा. आणि तोच सेन्सर, तीच माहिती रस्त्याकडेच्या मिस्त्रीलाही वाजवी दामात मिळावी. एवढे झाल्यावर बीरगांवचा तो चालक सेवाकेंद्रात गेला आणि त्याने अधिक पैसे मोजले, तर ते त्याने आपल्या निवडीने मोजलेले असतील.