वाट देण्याचे माप
इंदिरानगरात सी.एम.एच. रस्त्यावर २०११ पासून मेट्रो डोक्यावरून जाते. खाली वाहने खोळंबलेली असतात. वरच्या गाडीला त्याची खबरही नसते. कोणी कोणासाठी थांबू नये, हीच तर त्या रचनेची सोय.

अमेरिकेत पोर्टलंड शहरी, विलामेट नदीवर, १९१२ सालचा ‘स्टील ब्रिज’ हा दुमजली उचलपूल आहे. खालून आगगाडी, वरून रस्ता. बेताच्या उंचीची नौका आली की केवळ खालचा मजला सरळ वर चढतो. वरची रहदारी अखंड चालू राहते. उंच जहाज आले तरच दोन्ही मजले उचलले जातात आणि सगळेच थांबतात. दुसऱ्यासाठी किती बाजूला व्हावे, याचे हे माप मला मोठे विवेकाचे वाटत आले. सर्वस्वत्यागाचे गोडवे आपण पुष्कळ गातो. गरजेपुरती वाट देण्याचा विचार क्वचितच करतो.

पण अलीकडे एक गोष्ट खुपते. नौका लहान असो वा मोठी, खालचा मजला प्रत्येक वेळी हलतो. वरचा, अगदीच निरुपाय झाला तर. पुलाच्या बाबतीत हा भूमितीचा प्रश्न आहे. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाई मात्र त्याच खोळंबलेल्या रस्त्याने येतात, आणि उशीर झाला की मेट्रोने वेळेवर घरी पोहोचलेला मी घड्याळाकडे पाहतो.