शस्त्र घडवणाऱ्याचा वाटा

शस्त्राने माणूस मेला, तर त्याचे पाप चालवणाऱ्यापाशी थांबते की घडवणाऱ्यापर्यंत पोचते? भिलाईत हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि देशाला तो ठाऊक झाला तो रेल्वेच्या रुळांमुळे. पुढे २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी बोकारो आणि राऊरकेलाबरोबर भिलाईचेही पोलाद गेले.

जर्मनीतल्या गोथा गावच्या कारखान्याचा मूळ धंदाही रेल्वेचे डबे बांधण्याचा. पहिल्या महायुद्धात तिथे दोन इंजिनांचे द्विपंखी बॉम्बफेकी विमान आकाराला आले. हान्स बुर्कहार्टच्या आराखड्यावरील दुसऱ्या नमुन्यात इंजिनांचे दांडे तुटत. तिसऱ्यात २६० अश्वशक्तीची मर्सिडीज इंजिने आली. चौथ्यात शेपटाकडच्या भागातून खाली उघडणारा बोगदा ठेवला, म्हणजे मागच्या बंदूकधाऱ्याला पोटाखालून येणाऱ्या विमानावर गोळी झाडता यावी. इंजिनांखालच्या टाक्या आदळून पेट घेत, म्हणून पाचव्यात इंधन विमानाच्या धडात हलवले. यातल्या बऱ्याच सुधारणांनी माणसेच वाचली, पण ती विमानातली. १३ जून १९१७ रोजी, भरदिवसा, चौथ्या नमुन्याच्या विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले. १६२ माणसे मेली. त्यांत पॉपलरमधल्या एका शाळेतली १८ मुले होती.

घडवणाऱ्याकडे पाप पोचते का, या प्रश्नाचे भारतीय परंपरेत एकच उत्तर नाही. बुद्धाने उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार येतो. जैन आचारात हिंसेची साधने दुसऱ्याला पुरवणे हा श्रावकाचा दोष मानला आहे. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय मांसाबद्दल बोलतो, पण त्याचा तर्क दूरवर जातो: संमती देणारा, कापणारा, विकणारा, विकत घेणारा, रांधणारा, वाढणारा, खाणारा, सगळेच मारेकरी. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत कर्त्याखेरीज साधनही आहे; म्हणजे एकट्या कर्त्याच्या माथी सारे मारणे तिलाही मान्य नसावे.

मनूचा हिशेब शब्दशः लावला तर खाणीतला मजूरही सुटत नाही, आणि सगळेच दोषी म्हटले की दोषाला वजन उरत नाही. हेतू कुठे शिरला, हे पाहणे त्याहून न्याय्य. रुळाच्या पोलादात युद्ध नसते. त्यावरून सैन्य गेले तरी रूळ रूळच राहतो. युद्धनौकेसाठीचे पोलाद मात्र हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने त्याच कामासाठी विकसित केले. त्यात हेतू आधीच मिसळलेला असतो. नौका संरक्षणासाठी आहे, हे उत्तर खोटे नाही. पण ते हेतू चांगला ठरवते, घडवणाऱ्याचा वाटा पुसत नाही. हा वाटा सर्वांत मोठा त्या टेबलावर, जिथे पोलादाचे मिश्रण किंवा विमानाचा बोगदा ठरतो. पाळीवरच्या कामगाराकडे तो आला तरी थोडाच येतो, कारण पदरी पडलेले काम निवडायची मुभा त्याला क्वचितच असते.

दरवर्षी बहुधा १७ सप्टेंबरला औद्योगिक गावांत यंत्रांना हार घालून विश्वकर्मापूजा होते. पुराणकथांत पुष्पक विमान विश्वकर्म्यानेच घडवले आणि सूर्याच्या तेजाच्या कपच्यांतून सुदर्शनचक्रही त्यानेच. त्या चक्राने मेलेल्यांचा हिशेब विश्वकर्म्याकडे मागणारी कथा पुराणांत ठळकपणे येत नाही.