आनंदाची ड्युटी

१३ जुलै २०२३ रोजी लंडनमध्ये ‘ओपनहायमर’चा प्रीमियर होता. किलियन मर्फी, एमिली ब्लंट, मॅट डेमन ही मंडळी लाल गालिच्यावर आली, फोटो काढून झाले आणि सिनेमा सुरू व्हायच्या आत सगळे निघून गेले. अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेचा, सॅग-आफ्ट्राचा, संप काही तासांवर येऊन ठेपला होता. संप लागू होताच सभासदांनी काय काय करायचं नाही याची यादी निघाली. त्यात चित्रीकरण होतंच. पण मुलाखती, प्रीमियर, महोत्सव, चाहत्यांचे मेळावे, पॉडकास्ट, इतकंच काय, सोशल मीडियावर सिनेमाची जाहिरात करणंही होतं. ११८ दिवस चाललेला तो संप मानधनासाठी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर बंधनं यावीत म्हणून होता. तरी त्या यादीनं जाता जाता एक गोष्ट कागदावर आणली : प्रमोशन हे काम आहे. काम नसतं तर ते बंद काय ठेवणार? ते बंद ठेवल्यावर काय होतं, तेही लगेच दिसलं. ‘ड्यून’च्या दुसऱ्या भागाचं चित्रीकरण केव्हाच संपलं होतं, तरी वॉर्नर ब्रदर्सनं त्याचं प्रदर्शन नोव्हेंबर २०२३ वरून पुढच्या मार्चवर ढकललं. ‘चॅलेंजर्स’नं व्हेनिस महोत्सवाचं उद्घाटन व्हायचं होतं, तो महोत्सवातून मागे घेतला गेला आणि थेट एप्रिल २०२४ मध्ये थिएटरात आला. माल तयार होता, विकणारे चेहरे तेवढे हजर नव्हते.

हे काम पडद्यामागे कसं चालतं? हॉलीवूडची रीत अशी की हॉटेलचा एखादा मजला घ्यायचा, खोल्याखोल्यांत पोस्टर, दिवे आणि कॅमेरे लावून ठेवायचे आणि नटाला खुर्चीत बसवायचं. मग पत्रकार एकामागून एक आत येतात. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं, कोपऱ्यात उभा प्रसिद्धी-अधिकारी वेळ संपल्याची खूण करणार, की लगेच पुढचा आत. प्रश्न तेच, उत्तरंही तीच, फक्त उत्तर पहिल्यांदाच सुचल्यासारखं वाटलं पाहिजे. आपल्याकडची ‘सिटी टूर’ याहून धावपळीची. पहाटेचं विमान, विमानतळावरून थेट हॉटेलात पत्रकार परिषद, मग दोन-तीन एफएम स्टेशनं, एखादं कॉलेज, संध्याकाळी मॉलमध्ये ‘एंट्री’, मधल्या वेळेत गाडीत बसून इन्फ्लुएन्सरसोबत रील आणि रात्री पुढचं शहर. मेकअपदादा, हेअर ड्रेसर, स्टायलिस्ट, पीआरची पोरं, बाउन्सर आणि चालक नटाच्या आधी उठतात आणि त्याच्यानंतर झोपतात. नटाला या दिवसांचा वेगळा मोबदला सहसा मिळत नाही, कारण ते मूळ करारातच धरलेले असतात. मोठ्या नावांची गोष्ट वेगळी. बायकांच्या वाट्याला आणखी एक जादा काम येतं. २०१२ साली ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या वेळी रॉबर्ट डाउनी ज्युनिअरला त्याच्या भूमिकेबद्दल विचारलं गेलं आणि शेजारीच बसलेल्या स्कार्लेट जोहान्सनला तिच्या आहाराबद्दल. तिनं तिथल्या तिथे हा फरक बोलून दाखवला आणि तोही हसत हसत, कारण हसणं हा ड्युटीचाच भाग.

माझा मुद्दा या हसण्याशीच येऊन थांबतो. कष्ट इतर धंद्यांतही झाकले जातात, पण इथे ते झाकणं हेच मुख्य काम. आम्ही मजा करतोय, एका कुटुंबासारखे आहोत, तुम्हाला भेटायला धावत आलो आहोत, हे विकायचं असतं. मग ज्याला सगळ्यांनी मिळून सण ठरवलं, त्याला कामाचे नियम कोण लावणार? तास मोजणं, जादा कामाचा मोबदला, रात्री उशिरा घरी सोडायची गाडी या गोष्टी सेटवर निदान भांडून मागता येतात. दौऱ्यावर त्या मागणारा रसभंग करणारा ठरतो. यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : कोट्यवधी घेणाऱ्यांची कसली कीव करता? कीव करायचं कारणच नाही. ताऱ्याला नकार देता येतो, उशिरा येता येतं, अर्ध्यातून उठून जाता येतं. डाउनीच २०१५ साली लंडनमध्ये एका मुलाखतीतून उठून गेला होता. पहिलाच सिनेमा करणाऱ्या मुलीला किंवा पीआर एजन्सीतल्या शिकाऊ मुलाला ती मुभा नसते. आणि ताऱ्याभोवतीच्या माणसांत हेच जास्त असतात.

नियम नसल्याची किंमत मात्र केवळ कामगारच मोजतात असं नाही. २३ जानेवारी २०१७ रोजी ‘रईस’च्या प्रचारासाठी शाहरुख खान मुंबईहून ऑगस्ट क्रांती राजधानीनं दिल्लीला निघाला. वडोदरा स्थानकावर लोटलेल्या गर्दीत एका माणसाचा जीव गेला. पुढे नटावर फौजदारी खटला झाला, २०२२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप केला नाही. न्यायालयाशी वाद घालायचा नाही. एका नटाला गुन्हेगार ठरवून काही साधलंही नसतं. पण गाडी ठरलेली, वेळापत्रक छापील, गर्दी व्हावी म्हणूनच प्रवास आखलेला. आणि गर्दी झाल्यावर मात्र ती चाहत्यांच्या प्रेमाची उत्स्फूर्त लाट म्हणून गणली जाते. ४ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादच्या संध्या थिएटरात ‘पुष्पा २’च्या खेळाला अल्लू अर्जुन आला तेव्हा चेंगराचेंगरीत एका बाईचा मृत्यू झाला आणि तिचा मुलगा गंभीर जखमी झाला. तिथे तर नटाला अटकच झाली. म्हणजे एकदा कोणीच जबाबदार नाही आणि एकदा चर्चा सगळ्यांत प्रसिद्ध माणसाचीच. प्रचाराचा कार्यक्रम आखणाऱ्यांची नावं दोन्ही वेळा चर्चेच्या कडेला राहिली. कारखान्यात अपघात झाला तर व्यवस्थापक कोण, हे आधी विचारतात. इथे व्यवस्थापक असतो, हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हे दौरे मुळात लागतात कशाला? ‘पठाण’ जानेवारी २०२३ मध्ये आला तेव्हा शाहरुखनं प्रदर्शनाआधी नेहमीच्या मुलाखतीही दिल्या नाहीत, ट्विटरवर चाहत्यांना उत्तरं देत बसला आणि सिनेमा तुफान चालला. त्याच वर्षी ‘बाईपण भारी देवा’ बायकांनी एकमेकींना सांगून, गटागटानं जाऊन उचलून धरला. मग चांगला सिनेमा आपोआप चालतो, असं का म्हणू नये? कारण ‘पठाण’नं प्रचार टाळला नव्हता, फक्त प्रचाराची जागा बदलली होती, आणि तीन दशकांची पुण्याई नसलेल्या कोणाला ते जमणार नाही. तोंडोतोंडी प्रसिद्धीचं म्हणाल, तर तिला वेळ लागतो, आणि मराठी सिनेमाकडे नसतो तो नेमका वेळच. शुक्रवारी मोजके खेळ मिळतात, त्यातले कित्येक भर दुपारचे, आणि शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारपासून तेही उतरवले जातात. ज्या मावशी शेजारणीला सांगणार, त्यांनी आधी पाहायला तर हवा. म्हणून पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा फेऱ्या होतात, वाहिन्यांच्या विनोदी कार्यक्रमांत हजेरी लागते, थिएटरात खेळ संपल्यावर कलाकार दारात उभे राहून लोकांशी फोटो काढतात. हिंदीतला दौरा वैभवाचा, मराठीतला बहुधा विनवणीचा. पैसा कमी म्हणून माणसं कमी, आणि माणसं कमी म्हणून एकेकावरचा भार जास्त. नायिकाच स्वतःची साडी स्वतः इस्त्री करून घेऊन निघाली, तर त्याची बातमी ‘किती साधी!’ अशी होते. ती साधेपणाची नव्हे, अंदाजपत्रकाची बातमी असते.

उरतो शेवटचा, हळवा आक्षेप : हिशेब मांडला की जादू जाईल. आपल्या रंगभूमीकडे पाहिलं तर हे पटत नाही. व्यावसायिक मराठी नाटक पिढ्यान् पिढ्या दौऱ्यावर जगलं आहे. तिथे नटाला प्रयोगागणिक ‘नाईट’ मिळते, पडद्यामागच्यांनाही मिळते. बस कुठून सुटणार, मुक्काम कुठे, जेवण कोणाकडे, हे व्यवस्थापकानं ठरवायचं आणि चुकलं तर बोलणी त्यानंच खायची. ती व्यवस्था आदर्श नाही. नाईटच्या रकमेवरून कुरबुरी चालूच असतात. पण कुरबुर करायला रक्कम आहे आणि जिच्यापाशी करायची ती व्यक्तीही आहे. नाईटचं पाकीट असतं हे ठाऊक असूनही प्रेक्षक तिसऱ्या घंटेला तितक्याच उत्सुकतेनं बसतो. सिनेमाच्या दौऱ्यात प्रत्येक दिवसाचा मोबदला आणि प्रत्येक गर्दीचा व्यवस्थापक कागदावर आला, तर अडचण निर्मात्याच्या अंदाजपत्रकाची होईल. प्रेक्षकाची होईल असं मानायला मात्र काहीच आधार नाही.